कार्डं बाबांनी पाठवली, जपली कुणी?

सांगलीच्या गावभागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या कोण हे कळू नये म्हणून काही तपशील गाळून सारांश देते.

ताईंचे वडील मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. विलिंग्डन कॉलेजमधून इंटर सायन्स, मग मुंबईत वायरलेसचं शिक्षण आणि १९६५ पासून पुढची तीसेक वर्षं बोटीवर. बोटीवरचे लोक त्यांना मार्कोनीसाहेब म्हणत. बोट लागेल त्या बंदरातून ते घरी चित्राचं पोस्टकार्ड टाकत: हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, ओडेसा, मोंबासा, लास पाल्मास, योकोहामा. अशी आठशेवर कार्डं आणि शिवाय बॅगेतून आणलेली तीनेकशे कोरी कार्डं वाड्यातल्या दोन पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. सुरुवातीची कार्डं आजोबांच्या नावाने आहेत, आजोबा गेल्यानंतरची आईच्या नावाने.

वडील गेल्या वर्षी वारले. दिवाळीनंतर वाडा उतरवून तिथे अपार्टमेंट होणार आहे. ७८ वर्षांची आई विश्रामबागेत ताईंकडे राहायला येणार. पुण्याच्या धाकट्या भावाने जुन्या तिकिटांचा एक व्यापारी वाड्यावर आणला. त्याने दोन्ही ट्रंकांचे एकरकमी ४५ हजार सांगितले. किंवा हवी ती तिकिटं सोडवून घेतो, कार्डं परत देतो, असंही म्हणाला. त्यानंतर आठवड्याभरात आईने सांगून टाकलं, "वर्षश्राद्ध झालं की हे सगळं कृष्णामाईत सोडून या. मला नको आता." ताईंना मात्र फ्लॅटच्या एका खोलीत कार्डांचं कायमचं प्रदर्शन मांडायचं आहे. त्यांची मुलगी इन्स्टाग्रामवर रोज एक कार्ड टाकायचं म्हणते आहे.

ताई विचारतात: आईचं ऐकू की बाबांचा वारसा वाचवू? आणि आईच्या समाधानासाठी वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून नदीत सोडले, कार्डं ठेवून दिली, तर ते चुकीचं होईल का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडायचं मनातून काढून टाका. हे तुम्हाला आईच्या काळजीपोटी सुचलं, हे मला समजतं. पण पुढचं बघा. आई तुमच्याच घरात राहणार. ट्रंका त्याच फ्लॅटमध्ये कुठेतरी दडवायच्या, पावसाळा सरला की आई झोपल्यावर कार्डांना हवा द्यायची, मुलीच्या तोंडून काही निसटू नये म्हणून तिलाही यात ओढायचं. हे किती दिवस निभेल? आणि ज्या दिवशी आईंना कळेल, त्या दिवशी आपण घाटावर उभं राहून रद्दीला हात जोडले हेही त्यांना कळेल. सगळी कार्डं नदीत गेली तरी मला त्याचं इतकं वाईट वाटणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तुमच्या पत्रात 'बाबांचा संग्रह', 'बाबांचा वारसा', 'बाबांची कार्डं' असं सारखं येतं. आई येतात त्या मधे आलेली अडचण म्हणून. पण त्याच पत्रात तुम्ही स्वतः लिहिलेल्या गोष्टी काय सांगतात ते पाहा. वडिलांनी कार्ड विकत घेतलं, चार ओळी लिहिल्या, पेटीत टाकलं आणि बोट पुढे निघाली. ते कार्ड त्यांनी पुन्हा पाहिलं असेल तर सुट्टीवर आल्यावर, कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात कार्डं वर्षवार कुणी लावली? जुन्या लुगड्यांचे काठ काढून त्यांनी गठ्ठे कुणी बांधले? २००५ च्या पुरात खालची ट्रंक भिजली, तेव्हा माडीवर दोऱ्या ताणून, चिमटे लावून ती कुणी वाळवली? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, त्याआधी ट्रंका वर चढवून घ्यायला कुणी लावल्या? सगळं आईंनी. वडील पाठवत राहिले आणि आईंनी त्याचा संग्रह केला. तुम्ही ज्याला वारसा म्हणता आहात, तो करणारी व्यक्ती हयात आहे, रोज तुमच्याशी बोलते आहे, आणि तिने तिच्या संग्रहाबद्दल एक इच्छा सांगितली आहे.

कायद्याचंही थोडं सांगते, वादासाठी नव्हे, मनात चित्र स्पष्ट राहावं म्हणून. पाठवलेलं पत्र, म्हणजे तो कागद, ज्याला पाठवलं त्याचा होतो. आईंच्या नावची कार्डं आईंची आहेत. त्यांवर तुमचा किंवा भावाचा आज हक्क नाही. आजोबांच्या नावची कार्डं कागदोपत्री आजोबांच्या वारसांची म्हणावी लागतील, पण इतकी वर्षं ती आईंनीच सांभाळली आणि कुणी मागितली नाहीत. कोरी कार्डं मात्र वडिलांच्या मालकीची होती. मृत्युपत्र नसेल तर त्यांत आई, तुम्ही आणि भाऊ यांचा सारखा वाटा. यापेक्षा वेगळी आहे ती मजकुराची मालकी. लिहिलेल्या शब्दांचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे राहतो आणि तो गेल्यावर ६० वर्षं वारसांकडे. म्हणून मुलीला सांगा, कार्डाची मागची बाजू इंटरनेटवर टाकायची तर आजी, मामा आणि आई या तिघांचा होकार लागेल. चित्राची बाजूसुद्धा आजीला विचारल्याशिवाय नको.

'मला नको आता' हे आईंनी केव्हा म्हटलं, याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. वडील गेल्यावर लगेच म्हणाल्या नाहीत. वाडा उतरवायचं ठरलं तेव्हाही नाही. व्यापारी येऊन गेल्यावर म्हणाल्या. तुम्हीच लिहिलं आहे की तो माणूस माजघरात बसला, गठ्ठ्यांच्या गाठी सोडल्या, एकेक कार्ड उलटं करून मागचं वाचत गेला आणि एकदा हसलाही. आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एका परक्या माणसाने आपल्या नवऱ्याचं अक्षर असं चाळताना त्यांनी पाहिलं. यानंतर एखाद्या बाईला 'याला आता कुणाचा हात लागायला नको' असं वाटलं, तर मला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. नदीत सोडणं हा आपल्याकडे माहीत असलेला मार्ग आहे. अस्थी सोडतो, निर्माल्य सोडतो. जे पायदळी जाऊ नये, कुणाच्या हाती पडू नये, ते नदीच्या ओटीत.

अर्थात, हा माझा अंदाज आहे. दुसरंही काही असू शकेल. सुनेच्या नावाने पत्र येणं त्या काळच्या एकत्र कुटुंबात रुचायचं नाही. म्हणून लग्नानंतरची पहिली काही वर्षं कार्ड आजोबांना, 'तीर्थरूप' आणि 'सा. न. वि. वि.' लिहून, शेवटी 'घरातील सर्वांस'. पोस्टमनने वाचलेलं, सोप्यावर मोठ्याने वाचलं गेलेलं, शेजाऱ्यांनी चित्र पाहून झालेलं कार्ड मग स्वयंपाकघरात पोचणार, आणि त्यात आईंचं नावही नसणार. तुम्हाला त्या कार्डांत वडील जग बघताना दिसतात. आईंना त्याच कार्डात तुमची गोवराची रात्र दिसत असेल, सासूबाईंचं आजारपण दिसत असेल आणि नवरा योकोहामात असल्याची तारीख. तीस वर्षं जपलं म्हणजे तीस वर्षं ते आवडतच होतं असं नसतं. जपणं हे घरातल्या बाईचं काम मानलं जायचं, म्हणूनही माणूस जपतो.

आणि तिसरी शक्यता अगदी साधी आहे. लेकीच्या फ्लॅटमध्ये जाताना आपल्यासोबत दोन ट्रंकांची अडगळ नको, जावयाला अडचण नको, एवढंच. आमच्या पिढीच्या आयांना हे तोंडाने बोलता येत नाही. त्या म्हणतात, टाकून द्या.

यातलं खरं काय ते तुम्हाला विचारूनच कळेल. पण 'कार्डांचं काय करायचं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी दिलेलं आहे, आणि तेच पुन्हा विचारलं की माणूस हट्टाला पेटतो. एखाद्या दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, फक्त एक गठ्ठा घेऊन त्यांच्याजवळ बसा. फोन बाजूला ठेवा. एखादं कार्ड हातात देऊन विचारा, "हे आलं तेव्हा आपल्याकडे कोण कोण होतं गं?" बाबा कुठे होते हे विचारू नका, ते कार्डावर लिहिलेलं आहे. आई कुठे होती ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या बोलू लागल्या तर दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला, त्यांना विचारून, आवाज टेपवर घ्या. नाही बोलल्या तर गठ्ठा बांधून ठेवून द्या आणि चहा करा. त्यांना व्यापारी आणल्याबद्दल वाईट वाटलं असेल तर भावाने स्वतः येऊन एकदा तसं म्हणायला हवं. ते काम तुम्ही त्याच्या वतीने करू नका.

मग कधीतरी सुचवा की सगळ्यांचा एकच निर्णय करायची गरज नाही. काही कार्डं फक्त त्यांची. ती त्या कुणाला दाखवणार नाहीत, तुम्ही स्कॅन करणार नाही, आणि त्यांना ती नष्ट करायची असतील तर ते होईल. काही घरात राहतील. काही बाहेर देता येतील. कुठलं कशात ते त्या ठरवतील. पहिल्या वाटणीत त्यांनी आठशेतली सातशे टाकली, तरी मान्य करायची मनाची तयारी ठेवूनच हे बोला, नाहीतर बोलू नका.

नष्ट करायच्या कार्डांबद्दल एक प्रत्यक्षातली अडचण आईंना आधीच सांगा. चकचकीत छपाईचं, वर थर दिलेलं कार्ड पाण्यात विरघळत नाही. माई घाटावरून सोडलेलं कार्ड खाली कुठल्यातरी पायरीशी, नाहीतर पुढे हरिपूरच्या काठाला लागेल, कुणीतरी उचलेल आणि वाचेल. त्यांना नेमकं तेच नको आहे, असं मला वाटतं. त्यापेक्षा घरच्या घरी बारीक फाडून बादलीत भिजत घालावं, म्हणजे कुणाला वाचता येत नाही. विधी हवाच असेल तर त्यांनी निवडलेलं एखादं साधं कार्ड अस्थींच्या जागी जाऊन सोडावं.

आता कार्डांविषयी. तुमच्या दोन शंका मला फार आवडल्या, कारण त्यांच्या उत्तरांत सगळी ट्रंक उलगडते.

पहिली शंका: वडील पोर्ट सैदच्या, म्हणजे सुएझ कालव्याच्या तोंडावरच्या बंदराच्या, गमती रंगवून सांगायचे, मग १९६७ मधल्या लग्नानंतर आठ वर्षं तिथलं एकही कार्ड कसं नाही, आणि लास पाल्मासची इतकी का? ५ जून १९६७ ला अरब-इस्रायल युद्ध सुरू झालं आणि सुएझ कालवा बंद पडला. तो उघडला बरोबर आठ वर्षांनी, ५ जून १९७५ ला. या काळात मुंबईहून युरोपला निघालेल्या बोटीला अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे. अरबी समुद्रापासून लंडनपर्यंत सुमारे ८,९०० किलोमीटर जास्त. त्या काळच्या मालवाहू बोटीच्या वेगाने जवळपास दोन आठवडे, तेही एका बाजूचे. कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास हे या वाटेवर इंधन-पाणी घ्यायचं ठिकाण होतं. पोर्ट सैदच्या गमती त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतल्या, नाहीतर १९७५ नंतरच्या असणार. कालव्यात अडकलेल्या १४ बोटी तर कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर लेक या सरोवरात ती सगळी वर्षं उभ्या होत्या, आणि त्यांच्यावरच्या खलाशांनी स्वतःची टपाल तिकिटं तयार केली होती. म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या संसाराची पहिली आठ वर्षं एका परक्या युद्धामुळे युरोपच्या प्रत्येक फेरीला काही आठवडे लांबली. हे आईंना सांगा. 'यंदा उशीर होईल' असं कार्डावर वाचून त्यांना त्या वेळी काय वाटलं असेल, आणि कारण कुणी कधी समजावून सांगितलं होतं का, कोण जाणे.

दुसरी शंका: तिकीट भारताचं आणि शिक्का परदेशी बंदराचा, ही पोस्टाची चूक आहे का? चूक नाही. बोट भर समुद्रात असताना बोटीवर टाकलेल्या टपालाला त्या बोटीच्या देशाचं तिकीट चालतं, असा आंतरराष्ट्रीय टपाल संघाचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. पुढच्या बंदरात टपाल उतरलं की तिथलं पोस्ट तिकिटावर आपला शिक्का मारतं आणि बऱ्याचदा शेजारी रोमन अक्षरांत 'पाकबो' (PAQUEBOT) असा वेगळा शिक्का उमटवतं. तसा शिक्का आहे का ते भिंग घेऊन पाहा. अशा कार्डांना संग्राहक विचारतात. तुमच्या व्यापाऱ्याला तिकिटं सोडवून हवी आहेत हे ऐकून मला धास्ती वाटली, कारण भिजवून सोडवलेलं तिकीट हे फक्त तिकीट राहतं. तिकीट, शिक्का, पत्ता आणि मजकूर एकत्र असेल तरच ते कार्ड कुठून, केव्हा, कसं आलं याचा पुरावा असतो, आणि बाजारातही मोल त्या अखंड कार्डाला जास्त. कुणालाही, कुठल्याही अटीवर, एकही तिकीट काढू देऊ नका.

आणि वडिलांनाच इतकी कार्डं लिहायला सवड कशी, याचं उत्तर त्यांच्या हुद्द्यात आहे. बंदरात बोटीचा ट्रान्समीटर बंद ठेवावा लागे. माल चढताना-उतरताना डेकवरच्या अधिकाऱ्यांना दम खायला फुरसत नसे, रेडिओ ऑफिसर मात्र त्या वेळी मोकळा. समुद्रात कानाला हेडफोन लावून मोर्स, म्हणजे टिंब-रेघांच्या खुणांतले संदेश, ऐकायचे आणि बंदरात उतरून गाव बघायचं. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहावर चालणारी नवी सुरक्षा यंत्रणा जगभर पूर्ण लागू झाली आणि मोर्स ऐकत बसणारा हा अधिकारी बोटींवरून जवळजवळ नाहीसा झाला. सांगलीसारख्या समुद्रापासून लांबच्या गावातून त्या कामावर गेलेल्या माणसाची इतकी सलग नोंद घरात असणं दुर्मीळ आहे, म्हणून तुमची तळमळ मला पटते. ती वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच आधी आईंचं पाहा म्हणते.

एक गोष्ट आजच शोधा: वडिलांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. पासपोर्टसारखं दिसतं आणि वाडा उतरवताना रद्दीत जातं. त्यात प्रत्येक बोटीचं नाव, कुठल्या बंदरात कुठल्या तारखेला चढले आणि उतरले, हे शिक्क्यानिशी असतं. ते हाताशी असलं की तारीख पुसलेलं कार्डही कुठल्या फेरीतलं ते लावता येतं.

प्रदर्शनाची खोली मात्र करू नका. ऊन आणि ट्यूबलाइट दोन्हींनी रंग उडतात, मागचा मजकूर कुणी वाचत नाही, आणि ज्या घरात आईंना उरलेले दिवस काढायचे आहेत तिथे रोज ते बघायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. चार-सहा कार्डांच्या रंगीत प्रती काढून लावा हव्या तर. लॅमिनेशन करून देतो असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा, उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही. सेलोटेप नको, रबरबँड नको, पीव्हीसीचे वास मारणारे अल्बमही नकोत. पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक खिसे मिळतात, ते चालतात. नोंद करायची तर कार्डाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, पेनाने कधीही नाही. लुगड्यांच्या काठांचे गठ्ठे सोडण्याआधी त्यांचा क्रम फोटो काढून टिपून ठेवा. तो क्रम आईंचा आहे आणि एकदा मोडला की परत मिळत नाही. त्यांनी परवानगी दिलेली कार्डं दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, आणि एक प्रत पुण्याला भावाकडे राहू द्या. विश्रामबागेत नदीचं भय गावभागाइतकं नाही, पण दमट हवा आहेच. ट्रंक जमिनीवर न ठेवता लॉफ्टवर किंवा कपाटात वर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पुरात भिजलेले कागद सांगलीत घरोघर आहेत, म्हणून सगळ्यांसाठी सांगते. ओली कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, चित्राचा थर सोलून निघतो. गार स्वच्छ पाण्यात ठेवून हळूच सुटी करा आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. शाईच्या पेनाने लिहिलेलं असेल तर पाण्यात घालू नका, नाहीतर अक्षर वाहून जाईल. दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि नंतर सवडीने काम करता येतं. आईंनी २००५ ला दोरीवर वाळवलं ते योग्यच केलं होतं.

पैशांचं बोलायला हवं. साठ ते ऐंशीच्या दशकातली परदेशी देखाव्यांची छापील कार्डं लाखोंनी निघाली आहेत, त्यामुळे कोऱ्या कार्डांना सुटं मोल फार नसतं. मोल शिक्के असलेल्यांना आहे. एकगठ्ठा भाव सांगणारा माणूस त्यातल्या मोजक्या कार्डांवर डोळा ठेवून बोलत असतो. भावाला पैशांची निकड असेल तर तो बोलण्याचा विषय आहे आणि त्याने संकोचू नये. वडिलांच्या आजारपणात खर्च त्यानेच उचलला, असं तुम्ही लिहिलं आहे. कोऱ्या कार्डांतला तुमचा वाटा त्याला देऊन टाका आणि ती त्याला विकू द्या. त्याच्याशी भांडू नका. तो जन्मला तेव्हा वडील कुठल्या बंदरात होते, याचंही कार्ड त्या ट्रंकेत असेल. ते त्याला दाखवा, आईने दाखवू दिलं तर.

पुढेमागे संस्थेला द्यायचं ठरलं, तर मुंबईची मेरिटाइम हिस्टरी सोसायटी ही सागरी इतिहासावर काम करणारी संस्था आहे. फलटणजवळच्या विंचुर्णीत अखेरपर्यंत राहिलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे तिचे संस्थापक, म्हणजे आपल्या भागाचं आणि तिचं नातं आहेच. कुठल्याही संस्थेला देण्याआधी विचारा: मजकुराची बाजूही जपणार का, दुबार कार्डं विकणार का, आम्हाला स्कॅन मिळतील का, आणि कुठल्या मजल्यावर ठेवणार. सांगली नगर वाचनालयात २०१९ ला पाणी शिरून हजारो पुस्तकांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे, म्हणून मजल्याचा प्रश्न संकोच न करता विचारायचा. दानपत्र लेखी करा आणि त्यावर सही आईंची असू द्या.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बोटीवरची घरं थोडी असतात. पण साताऱ्याच्या गावागावांत '५६ एपीओ', '९९ एपीओ' असे पत्ते लिहिलेली फौजेतली आंतरदेशीय पत्रं आहेत. विटा, खानापूर, आटपाडीच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायातल्या घरांत कुठल्याकुठल्या प्रांतांतून आलेली पत्रं आहेत. तिथेही माणूस बाहेर होता आणि गठ्ठा घरच्या बाईने बांधला. ती हयात असेल तर गठ्ठ्याला हात लावण्याआधी तिला विचारा. तिच्या गावचा, तिच्या घरचा त्या तारखेचा मजकूर तिच्याकडूनच मिळणार आहे आणि तो मिळायला वेळ थोडा आहे.

ताई, तुमच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ आहे. वाडा रिकामा करायच्या गडबडीत हा निर्णय उरकू नका, ट्रंका आहेत तशा विश्रामबागेत आणा आणि आईंना तसं सांगून आणा: "तू ठरवेपर्यंत कुणी उघडणार नाही." कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे द्या. भावाला फोन करून त्या व्यापाऱ्याला सध्या काही विकायचं नाही एवढंच कळवायला सांगा. वर्षश्राद्धाला तो येईलच, तेव्हा दोन दिवस जास्त राहा म्हणावं.